रस्त्याचा हक्क

आमच्या उर्दू शाळेत सातवीच्या वर्गाला मी दर वर्षी एक तास ‘रास्ते के आदाब’ शिकवते. विषय जुनाच. मुलांना तो घरूनही थोडाफार माहीत असतो. रस्त्यात थुंकू नये, केळीची साल टाकू नये, वडीलधाऱ्यांना सलाम करावा, असे मुले भराभर सांगतात. मग मी त्यांना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली ती हदीस सांगते. हजरत मुहंमद पैगंबरांनी (स.) आपल्या साथीदारांना रस्त्यावर बैठक मारू नका, असे बजावले. साथीदार म्हणाले की आमचे बोलणे-बसणे तिथेच होते, त्याला इलाज नाही. तेव्हा पैगंबर साहेबांनी सांगितले की बसणारच असाल तर रस्त्याचा हक्क तेवढा द्या. कोणता हक्क? नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, चांगल्याचा आग्रह धरणे आणि वाइटापासून रोखणे.

दोन वर्षांपूर्वी हा तास चालू असताना मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “आपा, हक्क रस्त्याचा असतो, की रस्त्याने जाणाऱ्याचा?”

मी तिला काहीतरी उत्तर दिले. तास संपला. पण प्रश्न संपला नाही. पुढच्याच महिन्यात आमच्या शाळेची सहल पाणचक्की, दौलताबाद आणि वेरूळला जायची होती. सहलीत मुलांना इतिहास सांगण्याचे काम माझ्याकडे असते. त्या तयारीत मी जे वाचले ते मुलांना सांगावे की नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत बराच वाद झाला. हा लेख त्या वादातून निघाला आहे.

आधी शब्दांकडे पाहू. अरबीत ‘सबील’ म्हणजे वाट. कुरआनात जकातीवर ज्यांचा अधिकार सांगितला आहे त्या आठ प्रकारच्या लोकांत ‘इब्नुस्सबील’ आहे. शब्दशः अर्थ वाटेचा मुलगा, म्हणजे वाटसरू. घरी तो कितीही सुखवस्तू असो, वाटेत अडचणीत सापडला तर जकातीत त्याचा वाटा आहे. मोहरमच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यात पाण्याची आणि सरबताची ‘सबील’ लागते, तो शब्दही हाच. वाट आणि वाटेवरचे पाणी यांना आपल्या भाषेने एकच नाव दिले. यावरून वाटसरूला पाणी देण्याची गोष्ट आपल्या परंपरेत किती आतवर रुजलेली आहे, हे कळते.

सलामाचाही असाच एक नियम आहे. घोड्यावरच्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी जास्त लोकांना. आमच्या मुलांना हा नियम उलटा वाटतो. त्यांनी पाहिलेले असते की जीपवाला धूळ उडवत निघून जातो आणि पायी चालणारा बाजूला होऊन त्याला हात करतो. पैगंबर साहेबांनी वर बसलेल्याला आधी झुकायला लावले. आपल्या अखलाकचे हे मर्म आहे. पुढचा इतिहास वाचताना वाचकांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

वाटेवरच्या शिष्टाचाराचा मोठा साक्षीदार म्हणजे इब्न बतूता. 1304 साली मोरोक्कोतल्या तांजा शहरात जन्मलेला हा प्रवासी 1333 साली सिंधू ओलांडून हिंदुस्थानात आला. सुलतान मुहंमद तुघलकाने त्याला दिल्लीत काझी नेमले. 1342 साली सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला. त्या प्रवासात तो आपल्या दौलताबादेला आला, नंदुरबारला आला, खंबायतला आला आणि पुढे जहाजाने खाली मलबारकडे गेला. सिंदाबूर म्हणजे आजचा गोवा. तिथपासून कोल्लमपर्यंतच्या किनाऱ्याच्या वाटेचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. वाटेभर झाडांची सावली होती. दर अर्ध्या मैलावर लाकडी मांडव, त्यात बसायला बाकडी. हिंदू असो की मुसलमान, कुणीही बसावे. प्रत्येक मांडवाशी विहीर आणि पाणी द्यायला एक हिंदू माणूस. इतकी निर्धोक वाट आपण दुसरीकडे पाहिली नाही, असे जग हिंडलेला हा माणूस लिहितो. रात्री समोरून येणारे लोक मुसलमान प्रवाशाला वाट देऊन बाजूला उभे राहत, हेही तो नोंदवतो.

इथवर वाचून छाती फुगते. पण पुढचे वाक्यही वाचायला हवे. विहिरीवरचा माणूस हिंदू प्रवाशाला भांड्यातून पाणी देई. मुसलमानाला मात्र तो ओंजळीत पाणी ओती आणि प्रवासी खुणेने ‘पुरे’ म्हणेपर्यंत ओतत राही. मुसलमानाने त्यांच्या भांड्यात खाल्ले तर ते भांडे फोडून टाकत किंवा मुसलमानालाच देऊन टाकत. म्हणजे आदर होता, वाट मिळत होती, पाणी मिळत होते, पण भांडे मिळत नव्हते. दिल्लीच्या सुलतानाच्या वकिलालासुद्धा मिळत नव्हते. इब्न बतूता याबद्दल कुरकुर करत नाही. त्याने रिवाज म्हणून लिहिले आणि पुढे गेला. आपण मात्र इथे थोडे थांबू. ओंजळीने पाणी पिण्याचा अनुभव आपल्याही माणसाच्या वाट्याला आलेला आहे, तो विसरून चालणार नाही.

दोनशे वर्षांनी शेरशाह सूरी आला. त्याची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची, 1540 ते 1545. तेवढ्यात त्याने सोनारगावपासून सिंधूपर्यंतचा रस्ता बांधून घेतला. आग्र्याहून बुऱ्हाणपूरला, म्हणजे दख्खनच्या दारापर्यंत येणारा रस्ताही त्याचाच. त्याचा इतिहासकार अब्बास खान सरवानी सांगतो की दर दोन कोसांवर सराई होती आणि एकूण सतराशे सराया होत्या. दाराशी पाण्याचे रांजण भरलेले असत. मुसाफिराला खाट, अन्न आणि त्याच्या घोड्याला दाणा मिळे. हिंदूंसाठी वेगळ्या खोल्या आणि त्यांच्या पाण्या-अन्नासाठी ब्राह्मण नेमलेले होते. त्या काळाच्या मानाने ही मोठी समज म्हणायला हवी. बादशहाने कुणाच्या धर्मावर सक्ती केली नाही आणि कुणाला तहानलेलेही ठेवले नाही. मात्र सराईतले पाणी वेगळे ते वेगळेच राहिले. रस्ता एक झाला, रांजण एक झाला नाही.

आता आपल्या दख्खनमध्ये येऊ. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर मुळात मलिक अंबरने 1610 साली खडकी या नावाने वसवले. अंबर हा हबशी गुलाम. मातृभूमीतून विकत विकत दख्खनला पोचलेला, निजामशाहीचा वजीर झालेला. या माणसाने शहराला नहर दिली. डोंगराच्या पोटातले पाणी जमिनीखालून आणून त्याने गावात खेळवले. त्याच धर्तीवर पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीची नहर झाली. पाणचक्कीच्या आवारात ज्यांचा दर्गा आहे ते सूफी बुखाऱ्याच्या बाजूने आलेले, नक्शबंदी सिलसिल्याचे. लोक त्यांना बाबा शाह मुसाफिर म्हणत. नावच मुसाफिर! डोंगरातल्या झऱ्याचे पाणी कित्येक किलोमीटरवरून मातीच्या नळांनी तिथे येते, उंच भिंतीवरून हौदात कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर चक्की फिरे आणि खानकाहमध्ये येणाऱ्या फकिरांसाठी, यतीम मुलांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. वाटेवरच्या माणसाची भाकरी हे ज्या यंत्राचे काम होते, असे यंत्र आपल्या मुलुखात होते. सहलीला आलेली मुले तिथे पाण्याकडे बघत फोटो काढतात. त्यांना एवढे तरी सांगायलाच हवे.

इथपर्यंत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या माना डोलत होत्या. वाद पुढे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935-36 च्या सुमारास काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या पुढे प्रसिद्ध झाल्या. त्यातली पहिली आठवण 1901 सालची. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि बहिणीची मुले यांच्याबरोबर साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला. नवे कपडे, डोक्यावर टोप्या, आगगाडीचा पहिला प्रवास. मसूर स्टेशनवर उतरल्यावर न्यायला कुणी आलेले नव्हते. मुले महाराची आहेत हे कळताच कुणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार, अशी बोली झाली. शिदोरी बरोबर होती, पण पाणी नव्हते. वाटेतले पाणी शेणामुताने गढूळ. मध्यरात्री एका टोलनाक्यापाशी गाडी थांबली. गाडीवानाने सुचवले, आम्ही मुसलमान आहोत म्हणून सांगा, कदाचित पाणी मिळेल.

भीमरावाला उर्दू येत होते. नाकेदाराशी तो उर्दूत बोलला आणि पाणी मागितले. नाकेदाराने तुटकपणे उत्तर दिले की तुमच्यासाठी इथे कुणी पाणी भरून ठेवलेले नाही, टेकडीवर आहे, हवे तर जाऊन आणा. मुले शेजारी अन्न असून उपाशी झोपली.

मी उर्दू शिकवते. या भाषेतल्या अदबीवर, ‘आप’ आणि ‘जनाब’वर मी वर्षानुवर्षे तास घेतले आहेत. हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. साताऱ्याच्या कच्च्या रस्त्यावर एका तहानलेल्या मुलाने माझ्या भाषेवर भरवसा टाकला होता. आणि आणखी एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. नाकेदाराने त्याला मुसलमान समजून पाणी नाकारले. त्या रात्री तो मुलगा मुसलमान म्हणून तहानलेला राहिला.

हा मुलगा मोठा झाला, परदेशी शिकला, परत आला. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात एस. के. बोले म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण कागदावर. मुसलमानांना त्या तळ्याचे पाणी चालत होते, अस्पृश्यांना नव्हते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या स्थानिक मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. वाटसरूचा हक्क महाडच्या मुसलमानांनी त्या दिवशी ओळखला होता.

पण 1934 सालचे दौलताबादही आपलेच आहे. बाबासाहेब आपल्या तीसेक कार्यकर्त्यांसह निजामाच्या मुलुखात वेरूळ पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून उतरले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून काहींनी हातपाय-तोंड धुतले. सगळे किल्ल्याच्या दाराशी पोचतात तोच पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव जमला. शिवीगाळ सुरू झाली. तिथल्या अस्पृश्यांनाही दरडावले गेले. बाबासाहेबांनी जमावाला विचारले की तुमचा धर्म तुम्हाला हेच शिकवतो का, उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या हौदातून अडवाल का? जमाव गप्प झाला. उत्तर कुणापाशी नव्हते. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, ती पाण्याला कुठेही हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर बंदूकधारी शिपाई देऊन.

ज्या दौलताबादेहून सहाशे वर्षांपूर्वी इब्न बतूता पुढे गेला आणि जाऊन ओंजळीने पाणी प्याला, त्याच दौलताबादेत आपल्या माणसांनी दुसऱ्याला ओंजळही भरू दिली नाही. तीही रमजानात. रोजेदाराला तहान काय असते ते दुसऱ्याने सांगावे लागते का?

शिक्षकांच्या खोलीत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “आपा, हे मुलांना कशाला? घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला न्यायची? आधीच लोक आपल्याला कमी बोलतात का?” त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटले नाही. आज मुसलमानाविषयी काही वावगे सापडले की ते दहा तोंडांनी सांगणारे पुष्कळ आहेत. आपणच त्यात भर का घालावी, असे एखाद्याला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. दुसऱ्या एका सहकाऱ्याने सांगितले की तो जमाव अडाण्यांचा होता, इस्लामचा त्याच्याशी संबंध नाही. हेही खरे. इस्लामात शिवाशिव नाही. माणसाने माणसाचा उष्टा पेला टाळावा, असे कुठेही नाही.

पण इस्लामात नसलेली गोष्ट मुसलमानाच्या घरात असू शकते, हे मला माझ्या नानीच्या घरात दिसले आहे.

नानीचे घर साखर कारखान्याकडे जाणाऱ्या सडकेला लागून होते. हंगामात ऊसतोडणीच्या बैलगाड्यांची रांग पहाटेपासून दारावरून जाई. नानी पाच वेळची नमाजी. दारावर आलेल्याला तिने कधी रिकामे पाठवले नाही. पाण्याचा माठ ओसरीवर कायम भरलेला. पण माठाशेजारच्या कोनाड्यात जर्मनचा एक पेला पालथा ठेवलेला असे, कडेला चेपलेला. गाडीवरचे कुणी पाणी मागायला आले की नानी तो पेला काढी. दहा वर्षांची असताना एकदा मी त्याच पेल्याने पाणी प्यायला गेले, तेव्हा तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. “उनका गिलास अलग रहता, बेटा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाहेर जाताना डोक्यावर ओढणी घे म्हणावे, तितक्या सहजपणे म्हणाली.

नानी वाईट नव्हती. माझ्या ओळखीतली ती सर्वांत दयाळू बाई होती. म्हणूनच तो पेला मला अधिक बोचतो. दया आणि हक्क यांतले अंतर त्या पेल्याएवढे होते. नानी वाटसरूला पाणी देत होती, पण देणारी ती होती आणि घेणारा तो होता. पेला कोणता हे ती ठरवत होती. हदीसमध्ये शब्द हक्क असा आहे. हक्काची वस्तू देताना देणाऱ्याला पेला निवडता येत नाही.

मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले.

शेवटी मी मुलांना सांगितले. दौलताबादच्या दाराशी तिकिटाच्या रांगेत बराच वेळ होता. आधी मलिक अंबर सांगितला, मग इब्न बतूता, मग साताऱ्याच्या रस्त्यावरचा उर्दू बोलणारा मुलगा आणि अखेरीस 1934 साल. सातवीची मुले साधारणपणे रांगेत शांत राहत नाहीत, त्या दिवशी राहिली. एका मुलाने विचारले, “मग त्या बुढ्ढ्याला कुणी काहीच बोललं नाही?” मी म्हणाले, नाही, आपल्यातले कुणीच बोलले नाही. चांगल्याचा आग्रह धरणे आणि वाइटापासून रोखणे हेही रस्त्याच्या हक्कात येते, हे त्यानेच आठवून सांगितले. ज्येष्ठ सहकारी मागे उभे होते. त्यांनी त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काही नाहीत.

या वर्षी उन्हाळ्यात आमच्या घरासमोर मी माठ ठेवला. आमची गल्ली फाट्याला मिळते, त्यामुळे येणारे-जाणारे बरेच असतात. माठावर एकच स्टीलचा पेला. घरातले आम्हीही येता-जाता त्यानेच पितो. अम्मीने पहिल्या दिवशी कपाळाला आठी घातली. चौथ्या दिवसापासून सकाळी माठ तीच भरू लागली.

एका दुपारी डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई थांबली. मी पेला भरून पुढे केला. तिने मान हलवली, बोचके खाली ठेवले आणि खाली वाकून ओंजळ धरली. “घ्या ना, पेला घ्या,” मी म्हणाले. “असू द्या बाई, वतू द्या,” ती म्हणाली. मी ओतत राहिले. तिने मान हलवून ‘पुरे’ अशी खूण केली तेव्हा थांबले. मग उरलेले पाणी असलेला तो पेला मी तिच्या मुलापुढे धरला. त्याने दोन्ही हातांनी तो ओढून घेतला आणि तोंडाला लावला. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. मूल पोटभर प्याले, पेला त्याने माठावर स्वतःच्या हाताने पालथा ठेवला, आणि दोघे फाट्याकडे निघून गेले.